कुलाबा किल्ला, सिद्धिविनायक मंदिर, गोड्या पाण्याची विहीर आणि कान्होजी आंग्रे यांची समाधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागला जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. निम्मे प्रश्न फिरून भरती-ओहोटीवरच येतात. म्हणून घाई असेल तर आधी प्रश्न ४ वाचा, बाकीचं नंतर.

१. किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ कान्होजी आंग्र्यांनी बांधलं का? ते त्यांचं स्मारक आहे का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही असंच आहे. कान्होजींचं निधन ४ जुलै १७२९ रोजी झालं. सिद्धिविनायकाचं देऊळ १७५९ मधलं, म्हणजे तीस वर्षांनंतरचं. ते त्यांच्या नातवाने, मानाजींचे पुत्र राघोजी आंग्रे यांनी बांधलं. कान्होजींची समाधी किल्ल्यात नाही, अलिबाग गावात आहे (प्रश्न १५). तरी देऊळ, त्याच्यासमोरची पुष्करणी आणि पलीकडची विहीर पाहताना त्यांचं नाव निघतंच. त्यांनी जे आरमारी ठाणं नावारूपाला आणलं, त्याचं घरगुती अंग आज एवढंच उरलं आहे. वाडा गेला, कोठारं गेली. देव आणि पाणी राहिलं.

२. कान्होजी म्हणजे नेमके कोण? ‘सरखेल’ हे आडनाव आहे का?

सरखेल हा किताब आहे, अर्थ आरमारप्रमुख. त्यांचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून ‘आंग्रे’ हे नाव पडलं. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी तह झाला आणि ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. त्या तहात जे किल्ले त्यांच्याकडे राहिले त्यांत कुलाबा होता. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं असा त्यांचा आग्रह असे. इंग्रजांना तो मान्य नव्हता, म्हणून इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘पायरेट’ म्हणजे चाचा, समुद्री लुटारू म्हटलेलं आढळतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. किल्ला पडला नाही.

३. कुलाबा म्हणजे मुंबईतलं कुलाबा का?

नाही. मुंबईतलं कुलाबा वेगळं. हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा आहे. जिल्ह्याचं नावही पूर्वी कुलाबाच होतं, १९८१ मध्ये ते रायगड झालं. जुन्या कागदांत ‘जिल्हा कुलाबा’ दिसलं तर ते हेच.

४. किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी किती वाजता, हे कसं काढायचं?

खात्रीचा मार्ग म्हणजे त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. मुंबई बंदराच्या वेळा अलिबागला थोड्या मिनिटांच्या फरकाने चालतात. पण दोन महिने आधी सहल ठरवताना किनाऱ्यावरचा जुना हिशेब फार कामाचा आहे. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटी. तेवढीच वजा केली की आधीची ओहोटी.

उदाहरणार्थ दशमी. दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. भरती सकाळी साडेसातला, तर ओहोटी दुपारी पावणेदोनच्या सुमारास. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून सकाळची ओहोटी नऊच्या आसपास. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या.

या हिशेबात चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक, पाणी प्रत्यक्षात उत्तरापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा येतं, कधी तासभरही. तेव्हा हा हिशेब दिवस निवडायला वापरा, पाण्यात उतरायला नाही. दुसरी चूक जास्त महाग पडते. ओहोटीची वेळ बघतात, पण पाणी किती खाली जाणार हे बघत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती खूप चढते आणि ओहोटीला पाणी खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा भरती बेताची आणि ओहोटीही बेताचीच. हिशेबाने अष्टमीची ओहोटी भर दुपारी बारा-साडेबाराला येते आणि कागदावर फार सोयीची दिसते. प्रत्यक्षात वाटेत गुडघाभर किंवा त्याहून जास्त पाणी राहू शकतं. अष्टमीची दुपार फसवी असते, असं समजूनच चला.

उलट पौर्णिमेला वाळू छान उघडी पडते, पण ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला. किल्ला पाहायला दोन्ही वेळा अडचणीच्या.

म्हणून सोयीचे दिवस मधले. सकाळी जायचं तर तृतीया ते षष्ठी, दुपारी जायचं तर दशमी ते त्रयोदशी. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हे सारखंच लागू.

५. ओहोटी लागल्यावर किती वेळ मिळतो?

पूर्ण ओहोटीच्या आधी सुमारे दीड तास आणि नंतर सुमारे दीड तास, हा चांगल्या दिवसाचा हिशेब. भांगाच्या दिवसांत तो बराच आकसतो. शहाणी पद्धत अशी : पाणी उतरत असताना, ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी निघायचं, आत सव्वा-दीड तास फिरायचं आणि ओहोटी होऊन अर्धा-पाऊण तास होण्याआधी परत वाळूवर यायचं.

घाई का, तर पाणी एका वेगाने चढत नाही. भरतीची एकूण चढण बारा भाग धरली तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिल्या तासात काहीच बदललं नाही असं वाटतं आणि लोक निर्धास्त होतात. चढण चार मीटरची असेल तर तिसऱ्या एका तासात एक मीटर पाणी वाढतं. कमरेइतकं.

६. चालत जावं, घोडागाडीने की होडीने?

ओहोटीला किनाऱ्यावरून घोडागाड्या जातात. वयस्क माणसं, लहान मुलं आणि गुडघेदुखीवाल्यांनी गाडीच घ्यावी. जाऊन-येऊन किती पैसे आणि परत न्यायला गाडी किती वाजता येणार, हे दोन्ही चढण्याआधी ठरवून घ्या. सगळे वाद दुसऱ्या मुद्द्यावरून होतात. भरतीच्या वेळी होडी हाच मार्ग.

चालायचं तर अंतर एक ते दोन किलोमीटर धरा. किनाऱ्याजवळची ओली वाळू घट्ट असते. किल्ला जवळ आला की खडक लागतात, त्यांवर शेवाळ असतं आणि कालवं चिकटलेली असतात. कालवाची कड ब्लेडसारखी कापते आणि खाऱ्या पाण्यात ती जखम दिवसभर झोंबते. त्यामुळे अनवाणी नको. साध्या चपला चिखलात रुततात आणि पट्टा तुटतो. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल सगळ्यांत बऱ्या. मोबाइल पिशवीत घालून गाठ मारा, खिशात नको.

७. आत शिरल्यावर काय कुठे आहे?

मोठा दरवाजा अलिबागच्या बाजूला, दुसरा समुद्राच्या बाजूला. किल्ल्याचं काम छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० मध्ये सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तटाची उंची सरासरी पंचवीस फूट, बुरूज सतरा. उत्तरेला लागूनच सर्जेकोट नावाचा छोटा जोडकिल्ला आहे.

आत पद्मावतीचं स्थान, मारुती, एक दर्गा, आंग्र्यांच्या वाड्याचे अवशेष, मग पुष्करणी आणि सिद्धिविनायक. वाडा १७८७ च्या आगीत गेला, त्यामुळे जोत्यापलीकडे फार काही सापडणार नाही. पुढे १८४२ मध्ये इंग्रजांनी किल्ल्यातलं लाकूडकाम लिलावात विकलं आणि इथले दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला वापरले. समुद्रात राहून ज्या किल्ल्याला कधी पाण्याची अडचण पडली नाही, त्याचेच दगड गावाच्या पाण्यासाठी गेले!

८. मंदिरात फक्त गणपती आहे का?

नाही, हे गणेश पंचायतन आहे. मध्ये गणपती, सोबत शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. पाच मूर्ती एकत्र आहेत हे गर्दीत लक्षात येत नाही, म्हणून गाभाऱ्यासमोर क्षणभर थांबून पाहा. देऊळ आजही पूजेतलं आहे, निव्वळ पाहण्याची वास्तू नव्हे. ओल्या, वाळू लागलेल्या पायांनी दगडी फरशीवर पाय सटकतो. बाहेर पाय झटकून मगच आत जा.

९. चारी बाजूंनी समुद्र, मग विहिरीचं पाणी गोड कसं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘समुद्राखालून गोड्या पाण्याचा झरा येतो’ हे उत्तर सर्रास ऐकायला मिळतं, पण त्याची गरज नाही. पाणी पावसाचं आहे.

अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. किल्ल्याच्या आतल्या जमिनीवर पडलेलं पाणी मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरतं. खाली समुद्राचं पाणीही भेगांतून आलेलं असतंच. पण खारं पाणी जड, गोडं हलकं. एक लिटर गोडं पाणी सुमारे एक किलो भरतं, तर समुद्राचं पंचवीस ग्रॅम जास्त. मुरलेलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं, तव्यावरच्या घावनासारखं मध्ये जाड आणि कडेला पातळ. वजनातल्या या फरकामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक हात वर असेल, तर तत्त्वतः खाली चाळीस हातांपर्यंत गोडं पाणी असू शकतं.

यातून दोन गोष्टी निघतात. विहीर काठापासून आत हवी, कारण कडेला गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. आणि उपसा हळू हवा. कळशी-घागरीने पाणी काढलं तर थर पुन्हा भरून येतो. पंप लावून एकदम ओढलं तर पातळी उतरते आणि तिच्या चाळीसपट वेगाने खालचं खारं पाणी वर सरकतं. किनारपट्टीच्या कितीतरी वाड्यांमधल्या विहिरी याच कारणाने मचूळ झाल्या. एकदा मचूळ झालेली विहीर नुसता उपसा थांबवून लगेच गोड होत नाही. त्याला पावसाळे जावे लागतात.

१०. पुष्करणी आणि विहीर एकच का?

नाही. पुष्करणी म्हणजे देवळासमोरचं बांधीव, चौरस, पायऱ्यांचं तळं. गोड्या पाण्याची विहीर वेगळी. तिच्यातही उतरायला पायऱ्या आहेत. फोटोंखाली या दोन नावांची कायम अदलाबदल झालेली दिसते. चारी बाजूंनी उघडं, मोठं पाणी दिसलं तर पुष्करणी. पायऱ्या खाली अंधाराकडे जात असतील तर विहीर.

११. विहिरीचं पाणी पिऊ शकतो का?

गोड आहे याचा अर्थ खारट नाही, एवढाच. उघडी विहीर, माणसांची वर्दळ, आत पडणारा पाला हे सगळं लक्षात घ्या. पाणी सोबत न्या, माणशी किमान एक लिटर. उन्हाळ्यात तटावर सावली जवळजवळ नाही. नाणी, निर्माल्य, नारळाच्या शेंड्या विहिरीत किंवा पुष्करणीत टाकू नका. शेंडी पाण्यात कुजते आणि वास धरते. पायऱ्यांवर शेवाळ असतं, सगळ्यांत खालच्या पायऱ्यांकडे जाण्याचं काही कारण नाही.

१२. तटाच्या दगडांत चुना नाही, काम अर्धवट राहिलं का?

उलट, ते मुद्दाम आहे. बाहेरच्या बाजूला मोठमोठे दगड चुना न भरता एकावर एक बसवले आहेत. लाट आपटते तेव्हा पाणी फटींत शिरतं, तिथे जोर मोडतो आणि पाणी परत निघून जातं. सांधे गच्च भरले असते तर सगळा मार भिंतीच्या तोंडावर बसला असता आणि आत अडकलेल्या पाण्याने मागून ढकललं असतं. हे डोळ्यांनी पाहायचं तर भरती लागताना तटाच्या पायथ्याकडे वरून बघा. लाट फुटल्यावर फटींमधून पाणी बारीक धारांनी परत गळताना दिसतं.

१३. उत्तर तटावरच्या चाकांच्या दोन तोफा कान्होजींच्या का?

नाहीत. तोफांवरच इंग्रजीत कोरलंय : डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. लो मूरचा कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये, कान्होजी गेल्यानंतर बासष्ट वर्षांनी. ‘याच तोफांनी सरखेलांनी इंग्रजांना पळवलं’ असं कुणी सांगितलं तर अक्षरांवरून बोट फिरवून दाखवा.

१४. संकष्टीला किंवा माघी गणेश जयंतीला दर्शन होतं का? गर्दी किती?

माघी गणेश जयंतीला इथे भाविकांची रीघ लागते. ओहोटीही साथ देते, आणि तो योगायोग नाही. प्रश्न ४ मधल्या हिशेबाने कुठलीही चतुर्थी घ्या, विनायकी असो की संकष्टी, सकाळची ओहोटी नऊ-साडेनऊच्या सुमारास येते. म्हणजे दर महिन्याला गणपतीच्या दोन्ही दिवशी सकाळी वाट उघडी असते. सव्वाआठला वाळूवर, नऊला देवळात, साडेदहाच्या आत परत, असा क्रम बसतो.

अपवाद भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीचा. वेळ तीच, पण पावसाळी समुद्र (प्रश्न १८). आणि संकष्टीला चंद्रोदयाच्या सुमारासही ओहोटीच असते म्हणून रात्री जाण्याचा मोह होतो. तो टाळा. अंधारात पाणी कुठवर आलं हे दिसत नाही.

१५. कान्होजींची समाधी कुठे आहे?

अलिबाग गावात, एसटी स्टँडपासून चालत थोड्या अंतरावर. दगडी समाधी आहे. किनाऱ्याकडे जाताना वाटेत आधी ती पाहा, म्हणजे उरलेला वेळ ओहोटीच्या हिशेबाने मोकळा राहतो. भरती उतरण्याची वाट पाहायलाही ही चांगली जागा. ४ जुलैला पुण्यतिथी असते. त्या दिवसात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा त्या दिवशी समाधीचंच दर्शन धरा, किल्ल्याचं नाही.

१६. हिराकोट पाहता येतो का?

बाहेरून. कान्होजींनी १७२० मध्ये बांधलेला हा छोटा भुईकोट अलिबागमध्येच आहे. पुढे त्याचा तुरुंग झाला, म्हणून आत फिरण्याचा बेत आखू नका. मोठाल्या काळ्या दगडांचं बाहेरचं बांधकाम पाहण्यासारखं आहे.

१७. हा किल्ला युनेस्कोच्या यादीत आला ना?

नाही आला. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत अलिबागजवळचा खांदेरी आहे, कुलाबा नाही. गोंधळ होतो कारण खांदेरी बेटालाही १९९८ पासून कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. तिथे दीपगृह आणि वेताळाचं देऊळ आहे. थळहून होडीने जावं लागतं, कितीही ओहोटी असली तरी चालत नाही. नौदलाच्या मुंबईतल्या तळाचं नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे, पण तो पर्यटकांसाठी नाही. कुलाबा किल्ला मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखालचं स्मारक आहे. भिंतींवर नावं कोरणं हा गुन्हा आहे आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

१८. पावसाळ्यात जाता येईल का?

जून ते सप्टेंबर बेत करू नका. वेळापत्रकातली ओहोटी शांत समुद्र धरून काढलेली असते. नैर्ऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, त्यामुळे कागदावरच्यापेक्षा पाणी वर राहतं, लाटा वेगळ्याच. पाणी गढूळ असल्याने पायाखालचा खड्डा दिसत नाही. मुंबईहून मांडव्याला येणाऱ्या लाँचही त्या दिवसांत बंद असतात. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र निवळला असं समजून बरेच जण येतात. ती पौर्णिमा उधाणाची असते, हे विसरतात.

१९. आत असताना भरती लागली तर काय करायचं?

आतच थांबायचं. ही एकच गोष्ट सगळ्यांनी पाठ करावी. तट सुरक्षित आहे, वाट नाही. पाणी समोरून चालून येत नाही, दोन्ही बाजूंनी वळसा घालून येतं आणि मधला सखल पट्टा आधी भरतो. तुम्ही कोरड्या वाळूवर उभे असता आणि किनाऱ्याकडे जाणारी वाट आधीच तुटलेली असते. ‘घोट्याएवढंच आहे, पटकन जाऊ’ म्हणून निघालेली माणसं मध्यावर मांडीभर पाण्यात सापडतात, कारण तोवर तिसरा तास लागलेला असतो (प्रश्न ५).

होडी मिळाली तर होडीने या. नाही मिळाली तर भरती होऊन पाणी पुन्हा वाटेइतकं उतरायला सुमारे आठ-नऊ तास धरा. त्यात अंधार पडणार असेल तर उशीर न करता १०० किंवा ११२ वर फोन करून कळवा.

२०. मुंबईहून एका दिवसात होतं का?

होतं, दिवस दशमी ते त्रयोदशीतला निवडला तर. गेटवेवरून मांडव्याला लाँचने साधारण तास, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोही आहे. सकाळी आठ-नऊची लाँच धरली तर अकरा-साडेअकराला समाधी, मग जेवण, आणि एक ते अडीचच्या दरम्यान, तिथीनुसार, वाळूवर. परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते निघतानाच विचारून ठेवा. त्रयोदशीची ओहोटी चारच्या सुमारास असते. तेव्हा लाँच चुकण्याची शक्यता धरून पेण-वडखळमार्गे एसटीची वेळही पाहून ठेवा. चतुर्थीची नऊची ओहोटी मात्र मुंबईहून त्याच सकाळी निघून गाठता येत नाही, आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा लागतो.